शेवटचं प्रकरण राहिलं आहे
वाचन मंडळातल्या सोबत्यांना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी बैठक उठता उठता कार्यकारिणीने दोन निर्णय सांगितले. पेरूचे लेखक मारिओ वार्गास योसांच्या 'द फीस्ट ऑफ द गोट' या कादंबरीवर ठरलेली दुसरी बैठक होणार नाही, हा पहिला. आणि यापुढे पुस्तक निवडताना 'अंगावर येणारं' काही घ्यायचं नाही, हा दुसरा. यावर कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, चहाचे कप गोळा करत राहिले. घरी पोचेपर्यंत मात्र त्या गप्प बसण्याचा मला इतका त्रास झाला, की रात्री जेवण गेलं नाही. आपण सतरा जण आठ वर्षं एकत्र वाचतो आहोत. तुमच्याशी मनात काही ठेवून वागणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. आणि पत्र खुलं ठेवते आहे, कारण असाच निर्णय दुसऱ्या एखाद्या गावातलं मंडळही घेत असेल.

आधी एक गोष्ट सांगते. ज्यांना पुस्तक वाचवलं नाही त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हुकूमशहा त्रुहियोला मारल्यानंतरची प्रकरणं, त्याचा मुलगा रामफिस सूड घेतो ती पानं, कटात सामील असलेल्या जनरल रोमानचे महिनोन् महिने चाललेले हाल, हे सगळं मी दुपारच्या उजेडात वाचलं. रात्री वाचायची हिंमत झाली नाही. आपल्या एक ताई म्हणाल्या, 'दीडशे पानांवर थांबले, दोन रात्री झोप नव्हती.' मला ते त्या दिवसाचं सगळ्यात खरं बोलणं वाटलं. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. आपण बाकीचे जे बोललो त्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुमच्यापैकी काहींनी पुस्तक अर्ध्यात सोडलं, आणि हे पत्र मंडळाबाहेरचंही कुणी वाचेल, म्हणून कथेबद्दल थोडं. राफाएल त्रुहियोने कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक या देशावर १९३० पासून ३१ वर्षं राज्य केलं. कधी स्वतः राष्ट्राध्यक्ष म्हणून, कधी दुसऱ्याला खुर्चीत बसवून. ३० मे १९६१ च्या रात्री राजधानीबाहेर, समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या. कादंबरी तीन धाग्यांनी विणली आहे. एका धाग्यात त्रुहियोचा शेवटचा दिवस आहे. दुसऱ्यात मोटारीत दबा धरून बसलेले मारेकरी आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाची त्या रस्त्यापर्यंत येण्याची कहाणी आहे. तिसऱ्यात उरानिया काब्राल आहे. चौदाव्या वर्षी देश सोडून गेलेली, न्यूयॉर्कमध्ये वकिली करणारी ही बाई पस्तीस वर्षांनी, १९९६ साली, कुणाला न कळवता परत येते. तिचे वडील अगुस्तीन काब्राल एके काळी सिनेटचे अध्यक्ष होते, त्रुहियोच्या अगदी आतल्या गोटातले. आता अर्धांगाने खिळून आहेत, बोलू शकत नाहीत. पस्तीस वर्षांत तिने त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. त्यांच्या सांभाळासाठी पैसे मात्र पाठवते.

हे बापलेक कल्पित आहेत. त्रुहियो, त्याचा हेरप्रमुख जॉनी आबेस, नामधारी राष्ट्राध्यक्ष होआकिन बालागेर, दे ला मासा आणि इतर मारेकरी ही माणसं इतिहासातली. 'मग उरानियाचं खरं कशावरून?' असं बैठकीत कुणीतरी विचारलं, आणि तो प्रश्न तसाच राहिला. तिच्या नावाची मुलगी नसेल. पण त्रुहियोच्या माणसांनी त्याच्यासाठी मुली शोधून आणणं आणि मंत्र्यासंत्र्यांनी आपल्या घरातल्या बायकांबाबत डोळे मिटून घेणं, हे त्या राजवटीबद्दल सर्वांना माहीत असलेलं आहे. लेखकाने त्या अनेकींसाठी एक नाव ठेवलं.

आता आपल्या बोलण्याकडे वळते. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पानं चाळता चाळता अंगावर काटा आला. आपण त्या दोन तासांत जे जे बोललो, ते त्या कादंबरीत कुणी ना कुणी आधीच बोलून गेलेलं आहे.

'काही म्हणा, शिस्त होती. रस्ते झाले, चोऱ्यामाऱ्या थांबल्या, परदेशी कर्ज फिटलं,' असं आपल्यापैकी एक जण म्हणाले. कर्ज फिटलं हे खरं आहे, १९४७ साली. १९३० च्या सप्टेंबरातल्या वादळाने जमीनदोस्त झालेली राजधानी त्याने पुन्हा उभी केली, हेही खरं. मग १९३६ मध्ये सान्तो दोमिंगोचं चारशे वर्षांचं नाव पुसून त्याने तिला स्वतःचं नाव दिलं, सिउदाद त्रुहियो. मिठापासून साखरेपर्यंत जे विकलं जाईल त्यात त्याच्या घराण्याचा हात होता. घराघरात पाट्या लागल्या होत्या, 'या घरात त्रुहियो हाच प्रमुख.' १९३७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या हैतीच्या सरहद्दीवर हजारो हैतियन माणसं कापली गेली. पार्स्लीसारख्या एका साध्या पालेभाजीचं स्पॅनिश नाव ज्याच्या जिभेला नीट उच्चारता येत नाही तो हैतियन, अशी पारख सैनिक करत होते, असं सांगतात. उरानिया १९९६ मध्ये आपल्या जुन्या शहरातून चालते तेव्हा तिच्याही कानावर हेच येतं, की त्या काळी निदान काम होतं, गुन्हे नव्हते. माणसं अत्याचार विसरली आणि रस्ते लक्षात ठेवले, याचं तिला दुःख होतं. आपले स्नेही अगदी सहज, कसलाही वाईट हेतू नसताना तेच वाक्य बोलले. ते वाईट नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते वाक्य मला जास्त घाबरवून गेलं.

'त्या लोकांची मानसिकताच तशी,' हेही ऐकलं. त्यावर एवढंच सांगते, की त्रुहियो घडला तो अमेरिकन मरीन्सनी उभारलेल्या दलात. १९१६ ते १९२४ अमेरिकेने तो देश ताब्यात ठेवला होता. पुढे तीन दशकं वॉशिंग्टनने त्याला चालवून घेतलं. १९६० मध्ये त्याने व्हेनेझुएलाच्या राष्ट्राध्यक्षांना मारण्याचा प्रयत्न केल्यावर मात्र वारं फिरलं. तेव्हा उष्ण कटिबंधातल्या लोकांचे स्वभाव काढण्यात अर्थ नाही.

मग वीस-पंचवीस मिनिटं आणीबाणी विरुद्ध आजचा काळ असा वाद झाला. दोन्ही बाजूंचे आवाज चढले. पुस्तक मधल्या टेबलावर पालथं पडलं होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुलना करू नये असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्या मनातही तुलना होती आणि पुढे सांगणार आहे. पण आपण त्या घरात पाऊलही न टाकता उंबऱ्यावरूनच आपापली जुनी भांडणं सुरू केली. डोमिनिकन माणसांच्या वेदनेचा आपल्याला काठीसारखा उपयोग झाला, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. अगुस्तीन काब्रालवर आपण जेमतेम दहा मिनिटं बोललो आणि तिथे जवळजवळ सगळ्यांचं एकमत होतं. 'तो तरी काय करणार? त्याच्यापुढे पर्यायच नव्हता.' आणि लगेच, 'पण मुलीने पस्तीस वर्षं बापाशी अबोला धरायचा, हे जरा अतिच.'

काय झालं होतं ते पुन्हा आठवून पाहा. एक दिवस 'एल कारिबे' या वर्तमानपत्रातल्या सार्वजनिक पत्रांच्या सदरात काब्रालविरुद्ध एक पत्र छापून येतं. ते सदर खरोखर होतं. त्यात कुणाचं नाव आलं की त्याच्यावर धन्याची खप्पा मर्जी झाली, हे साऱ्या शहराला कळत असे. काब्रालचं पद जातं, बँकेतलं खातं गोठवलं जातं. तीस वर्षांचे मित्र फोन घेत नाहीत, भेटायला गेलं तर साहेब घरी नसतात. आपला गुन्हा काय, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण गुन्हा नाहीच. त्रुहियो नुसती निष्ठा तपासून पाहतो आहे. आणि हा माणूस, ज्याच्या हुशारीमुळे त्याला लाडाने 'छोटा मेंदू' म्हणत, रात्र रात्र जागून स्वतःच्या आयुष्यात चूक शोधत राहतो. मालक चुकला असेल, हा विचार त्याला एकदाही शिवत नाही. लेखकाने हे इतक्या बारकाईने लिहिलं आहे, की मला छळकोठडीतल्या पानांपेक्षा ही पानं जड गेली. कोठडीत माणसाचं शरीर मोडतात. इथे एक सुशिक्षित, घरंदाज, मुलीवर जीव टाकणारा बाप आपल्याच दिवाणखान्यात, अंगाला कुणी बोट न लावता मोडतो.

मग मानुएल आल्फोन्सो नावाचा एक देखणा, गोडबोल्या राजदूत त्याला उपाय सुचवतो. घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. त्यानंतर सान क्रिस्तोबालमधल्या त्रुहियोच्या महागनी लाकडाच्या घरात काय घडलं, ते मी इथे लिहिणार नाही. लिहायची गरजही नाही. उरानिया ते स्वतः सांगते, पस्तीस वर्षांनी, आत्याच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, आत्या आणि आतेबहिणींसमोर.

मंडळी, तिची आत्या त्या वेळी काय करते? ती भावाची बाजू घेते. काळच तसा होता म्हणते. इतकी वर्षं पाठ फिरवली म्हणून भाचीला बोल लावते. आपण रविवारी त्या टेबलाशी बसलो होतो, आणि आत्याच्या खुर्चीत बसलो होतो. मला कुणाला दोष द्यायचा नाही. आत्या दुष्ट नाही. भाऊ आजारी, घर मोडलेलं, म्हातारपण, आणि समोरची मुलगी ऐकवत नाही असलं काही सांगते आहे. प्रत्येक घरात ही आत्या असते. माझ्यातही आहे. पण पुस्तक हातात घेऊन बसलेल्या आपण माणसांनी तिला ओळखायला नको होतं का?

'पर्याय नव्हता' हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. त्याच कादंबरीत, त्याच भीतीत, पर्याय शोधणारी माणसं आहेत आणि ती काही देवदूत नाहीत. आमादो गार्सिया गेरेरो हा लष्करी अधिकारी त्रुहियोच्या संरक्षकांपैकी. निष्ठेची परीक्षा म्हणून त्याच्याकडून एक कैदी मारवून घेतात आणि मग सांगतात, तुझं जिच्याशी लग्न मोडलं तिचा हा भाऊ. तिथून तो त्या मोटारीपर्यंत येतो. आन्तोनिओ दे ला मासाच्या भावाला राजवटीने वापरून मारलं आणि वर त्यालाच गप्प राहण्याची किंमत घ्यायला लावली. ही सगळी राजवटीत हात माखलेली माणसं होती. त्यांचं शौर्य उशिरा आलं, अर्धवट आलं आणि बहुतेकांना जिवानिशी घेऊन गेलं. दुसऱ्या बाजूला जनरल रोमान. सैन्य त्याच्या हातात होतं. प्रेत दाखवा, मी सत्ता हातात घेतो, असं त्याने कबूल केलं होतं. ती रात्र आली आणि त्याचे पाय उचलले नाहीत. तीन दशकांच्या ताबेदारीने त्याचा कणाच विरघळवला होता. यावर आपल्याला दोन तास पुरले नसते.

आणि मिराबाल बहिणी. गेल्या २५ नोव्हेंबरला आपल्यातल्या बायकांनी स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी दिन म्हणून कविता वाचल्या. ती तारीख कुठून आली हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. १९६० साली त्याच दिवशी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या तिघी बहिणी धाकट्या दोघींच्या तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतत होत्या. त्रुहियोच्या माणसांनी त्यांना वाटेत गाठून ठार केलं, त्यांचा चालक रुफिनो दे ला क्रूस यालाही, आणि गाडी दरीत लोटून अपघाताचा देखावा केला. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये तो दिवस जगासाठी ठरवला. हे सगळं या पुस्तकाच्या निमित्ताने मी शोधलं. म्हणजे ज्या विषयावर आपण कविता वाचतो तो चालतो, आणि त्याच्या मुळाशी नेणारं पुस्तक 'अंगावर येतं' म्हणून नको?

आता माझी तुलना. १९७६ साली मी अकरा वर्षांची होते. वडील प्राथमिक शिक्षक. त्या वर्षी शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगितल्या होत्या. केस म्हणजे नसबंदीसाठी तयार केलेला माणूस, हा शब्द घरात रोज ऐकू यायचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पण पगार अडेल, बदली होईल ही भीती कायद्याची वाट बघत नव्हती. वडिलांनी एक केस आणली. आमच्या गल्लीच्या टोकाला दगड फोडणारा एक माणूस राहायचा, दोन वेळा आमच्या ओसरीवर येऊन गेला, आईने त्याला चहा दिला. मग पगार झाला. तो माणूस काय समजून तयार झाला, त्याला मुलं किती होती, नंतर त्याचं काय झालं, हे मी वडिलांना कधी विचारलं नाही. ते अतिशय मायाळू होते. जाऊन आता एकवीस वर्षं झाली.

काब्राल आणि माझे वडील एका मापाचे नाहीत, आणीबाणी आणि त्रुहियोची एकतीस वर्षंही नाहीत. तसं म्हणणं त्या देशावर अन्याय होईल. पण उरानिया त्या मुक्या म्हाताऱ्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि एकेक प्रश्न विचारत जाते, तेव्हा मला आमची ओसरी दिसली. हे मला दुसऱ्या बैठकीत सांगायचं होतं. वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगणार होते. ही बैठक रद्द झाल्याचं मला का लागलं, ते आता तुमच्या लक्षात येईल.

कार्यकारिणीतल्या तिघांना म्हणून विनंती आहे. 'अंगावर येणारं नको' हा नियम मागे घ्या. तुमची काळजी मी समजते. सभासद कमी होतील, संध्याकाळ चांगली जावी, आपल्यातले काही जण आजारपणातून, मृत्यूतून गेले आहेत. त्यासाठी दुसरी सोय करता येईल. पुस्तकात काय आहे ते आधी स्पष्ट सांगू, ज्यांना त्या महिन्यात नको असेल त्यांनी खुशाल यायचं नाही, कुणी कारण विचारणार नाही. पण एकाला सोसत नाही म्हणून सतरा जणांनी वाचायचं नाही, ही पद्धत पाडू नका. कोणतं दुःख घरात बोलायचं आणि कोणतं नाही, हे एकदा दोघातिघांनी ठरवायला सुरुवात केली, की बाकीचे हळूहळू विचारणंच सोडून देतात. मी स्वतः त्या दिवशी कप गोळा करत होते.

आणि ती बैठक घ्या. चोविसावं प्रकरण वाचायचं राहिलं आहे. 'ते नको आता' म्हणून आपण पुस्तक मिटलं, तेव्हा आपल्यातली सर्वांत लहान सभासद, जी यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, काहीतरी बोलू पाहत होती. त्याआधी ती एकदाच बोलली होती. 'बापाला पर्याय नव्हता म्हणताय, पण त्या मुलीला होता का?' असं तिने विचारलं, आणि कुणीतरी, 'अगं, कादंबरी आहे ती,' म्हणून विषय बदलला. ती चहाला थांबली नाही.

त्या प्रकरणाच्या शेवटी आत्याच्या घरातली सगळ्यात लहान मुलगी, मारियानिता, उरानियाला मिठी मारते आणि मी तुला पत्र लिहीन म्हणते. पस्तीस वर्षं एकाही पत्राला उत्तर न दिलेली उरानिया हॉटेलवर परतताना मनाशी ठरवते, की या मुलीचं पत्र आलं तर तिला उत्तर द्यायचं. कादंबरी तिथे थांबते.

पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. हॉल मिळाला तर हॉलमध्ये, नाहीतर माझ्या घरी, सतरंज्या आहेत. ते प्रकरण मी मोठ्याने वाचेन, इंग्रजीतून आणि थांबत थांबत मराठीत. ज्यांना मध्येच उठावंसं वाटेल त्यांनी उठून गच्चीवर जावं. काल रात्री आपल्या त्या एम.ए.च्या मुलीचा निरोप आला होता, 'मावशी, दुसरी बैठक झाली तर मला कळवाल?' मी तिला कळवलं आहे, होईल म्हणून.

तुमचीच,
मंडळातली एक सभासद